हात दाखवा, घर थांबवा

आमच्या ह्यांनी आयुष्यभर लाल डब्बा चालवला. म्हणजे सरकारी बस. काटोल, रामटेक, उमरेड, जिथली ड्युटी लागेल तिथे. रिटायर झाले त्या दिवशी गळ्यात हार घालून घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून घरच चालवायला घेतलं. मी भाजीची कढई घेऊन स्वयंपाकघरातून निघाले की म्हणायचे, डाव्या बाजूनं ये. पाहुणे जायला उठले की दाराशी उभे राहून मागे कोणी राहिलं का ते बघायचे. मी प्राथमिक शाळेत पोरं वळणावर आणण्यात जन्म घालवला, मला दटावणारा माणूस अजून पैदा व्हायचा आहे. पण रिकामा ड्रायव्हर घरात बसला की भल्याभल्या मास्तरणी हात टेकतात.

म्हणून जुनी मिनीबस घेऊन तिचं फिरतं घर करायचं यांनी काढलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. निदान दिवसभर घराबाहेर तर राहतील. एका शाळेनं काढून टाकलेली पिवळी बस मिळाली. सक्करदऱ्याला आमच्या घरामागे बसच्या बॉड्या बांधणारा एक बॉडीवाला आहे, त्याच्या शेडमध्ये ती उन्हाळाभर उभी होती. आत झोपायला फळ्या ठोकल्या, त्यांवर गाद्या आल्या, गॅसची शेगडी आली, भांडी घासायला छोटं सिंक आलं. आणि खिडकीत कूलर आला. खिडकीपेक्षा कूलर मोठा, त्यामुळे तो अर्धा रस्त्यावर आणि अर्धा माझ्या उशाशी. नागपूरचा माणूस चंद्रावर राहायला गेला तरी आधी कूलरची खिडकी कुठे काढायची ते बघेल.

रंग कोणता द्यायचा यावर मी फक्त एवढंच बोलले होते, की पांढरा द्या, निळा द्या, तुम्हाला आवडेल तो द्या. इथेच चुकलं. गाडी शेडमधून बाहेर आली ती लालभडक. वरून मधोमध पिवळसर पट्टा. नुसती पाटी लावायची बाकी होती. मी कपाळावर हात मारून घेतला, आणि हे गाडीभोवती अशी चक्कर मारून राहिले होते की जशी पोरगी सासरहून माहेरपणाला आली. सासूबाईंनी तिचं नाव घरगाडी ठेवलं आणि पुढची, ड्रायव्हरच्या बाजूची सीट आपली म्हणून जाहीर केली, कारण मागे बसलं की त्यांना मळमळतं. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्याशी सीटवरून कोण भांडणार?

आता माझं दुखणं सांगते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. लग्न झाल्यापासून मी या माणसाच्या शेजारी बसून कुठेही गेलेली नाही. आमच्या वरातीची बस भाड्याची होती. परत निघताना तिचा ड्रायव्हर पिऊन झोपला, आणि नवरदेव फेट्यासकट स्टिअरिंगवर जाऊन बसले. मी नवरी मागच्या सीटवर नणंदेच्या मांडीला मांडी लावून. पुढेही तेच. कुठे जायचं तर यांच्याच बसनं, कारण पास होता, आणि मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. या माणसाची मान मला पाठ आहे. तिथले केस काळ्याचे पांढरे झालेले मी जवळून पाहिले, पण खिडकीतून दोघांनी मिळून एखादी गोष्ट पाहिली, असं एकदाही झालं नाही. आणि आता फिरतं घर केलं, तर त्यातही बाजूच्या सीटवर सासूबाई.

सासूबाईंना मरायच्या आधी एकदा महूचं जन्मभूमी स्मारक पाहायचं होतं. आमच्याकडची बहुतेक माणसं जाऊन आली होती, त्याच राहिल्या होत्या. मग मला कोणीतरी सांगितलं की त्याच महूहून सुट्टीच्या दिवशी एक छोटी रेल्वे सुटते, मोठाल्या काचांच्या डब्यांची. पाताळपाणीच्या धबधब्यापाशी थांबते, मग दरीच्या काठाकाठानं, बोगद्यांतून खाली काळाकुंडला जाते आणि परत येते. ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. रेल्वे दुसरा कोणीतरी चालवणार. हे सवारी म्हणून बसणार, आणि माझ्याच बाजूला बसणार, जातील कुठे! मुलीकडून मोबाइलवर तिकिटं काढून घेतली. रविवारी सकाळची गाडी. शनिवारी पहाटे नागपूरहून निघायचं आणि संध्याकाळी महूला पोचायचं, असा बेत ठरला. मनातलं कारण मी कोणाला सांगितलं नाही. या वयात काय सांगायचं, लोक हसतील.

पावसाळा सरत आला होता, रस्ता स्वच्छ होता. शहरातलं सदर ओलांडून कोराडीच्या रस्त्याला लागलो तोवर सगळं मस्त. सावनेरच्या अलीकडे एका फाट्यावर एक म्हातारबुवा खांद्यावर कोहळं घेऊन उभा होता. त्यानं हात दाखवला. घरगाडी थांबली.

मला वाटलं, टायर पंक्चर झाला. तोवर म्हातारबुवा दार उघडून आत. त्यानं शेगडी पाहिली, गाद्या पाहिल्या, सिंकवर वाळत घातलेला माझा टॉवेल पाहिला, आणि काहीही न बोलता पलंगावर मांडी घालून बसला. आजकाल सरकार काय काय सोयी करेल सांगता येत नाही, असा त्याचा चेहरा होता. मग खिशातून आधार कार्ड काढून त्यानं माझ्यापुढे धरलं, की पंच्याहत्तरीच्या वर आहे, तिकीट फुकट. मी ह्यांच्या मानेकडे पाहिलं. मान लाल झाली होती. मी कशाला थांबलात म्हणून विचारलं, तर म्हणे मी थांबलो नाही, पाय थांबला.

पायाचं हे दुखणं मग दिवसभर चाललं. लाल गाडी पाहिली की लोकांचा हात वर, आणि हात वर झाला की ह्यांचा पाय ब्रेकवर. शाळेत निघालेल्या मास्तरीणबाई आल्या, दळणाचा डबा घेतलेली बाई आली, मुलाला दवाखान्यात नेणारं जोडपं आलं. प्रत्येकाला मी दारातच समजावत होते, की ही बस नाही, घर आहे. लोक म्हणत, हो का, आणि आत येत. एका बाईनं तर मलाच सांगितलं, की कंडक्टर ताई, थोडं सरकून बसा. मी माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या स्वतःच्या गादीवर सरकून बसले!

आणि सासूबाई! त्यांना तर नुसता ऊत आला होता. पुढच्या सीटवरून मागे वळून त्या प्रत्येकाला कोणतं गाव, कोणाचे, पोरंबाळं किती, लेक कुठे दिली, असं विचारून राहिल्या होत्या. आमच्या विदर्भात दोन माणसांनी एकमेकांना पाच मिनिटं प्रश्न विचारले की नातं निघतंच, निघाल्याशिवाय राहत नाही. म्हातारबुवा सावनेरला उतरून गावची बस धरणार होते ते उतरलेच नाहीत, प्रश्न चालूच राहिले, आणि पांढुर्ण्याच्या अलीकडे ते सासूबाईंच्या मावसबहिणीच्या दिराचे साळे निघाले. झालं. आता ते उतरणार कसे आणि आम्ही त्यांना रस्त्यावर सोडणार कसे? चहा न घेता पुढे गेलात तर माझं तोंड पाहू नका, असं ते म्हणाले. मला त्यांचं तोंड तसंही पाहायचं नव्हतं, पण घरगाडी हायवे सोडून त्यांच्या गावाच्या कच्च्या रस्त्याला लागली.

चहाचं जेवण झालं. भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, वर पुन्हा चहा. जेवण खरंच चांगलं होतं, हे मी रागात असले तरी कबूल करते. तोवर सगळं गाव घरगाडी पाहायला लोटलं. बाया माझे डबे उघडून कशात काय आहे ते पाहत होत्या, पोरं वरच्या फळीवरून खाली उड्या मारत होती, आणि हे कूलर चालू करून दाखवत होते. कूलरनं भर गावात माझ्या अंथरुणावर पाण्याचा फवारा मारला, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. निघायची वेळ झाली तेव्हा कोणीतरी विचारलं, की बैतूलच्या बाजूनंच जाता ना? त्यानंतर जे लोक चढले ते मी मोजले नाहीत.

दिवस मावळला तेव्हा आम्ही महूला असायला हवं होतं. आम्ही बैतूलच्या थोडं पुढे, एका ढाब्याच्या अंगणात होतो. शेवटची सवारी उतरून गेली होती, माझी गादी ओली होती, आणि सिंकमध्ये म्हातारबुवांचं कोहळं राहिलं होतं. ढाब्यावरचा माणूस म्हणाला, महू अजून लय लांब आहे, उद्या दुपारपर्यंत पोचाल. मी खिचडी टाकली होती. ती मी हलवत राहिले, हलवत राहिले, आणि डोक्यात तिडीक गेली.

मी पळी टाकली आणि बोलले. सासूबाई बाजूलाच बसल्या होत्या, तरी बोलले. या पायानं माझं वाटोळं केलं, असं म्हटलं. दुनियेतल्या सगळ्या लोकांना तुम्ही गाडीत घेतलं, असं म्हटलं. हे बिचारे चाकाची हवा बघत खाली वाकले होते, तिथूनच म्हणाले, दरी काय पळून जाते, पुढच्या महिन्यात पाहू. तेव्हा मग माझ्या तोंडून निघून गेलं.

"मले नाई पाहाची दरी. मले तुमच्या बाजूले बसाचं आहे. एकदा. तुमच्या हातात स्टिअरिंग नसताना."

हे चाकापाशी तसेच वाकून राहिले. सासूबाईंनी खिचडी उतरवली, कारण ती लागायला आली होती. मला इतकी लाज वाटली की मी ओल्या गादीवरच भिंतीकडे तोंड करून पडले.

पहाटे जाग आली ती कसल्यातरी फडफडीनं. बाहेर येऊन बघते तर हे टॉर्च तोंडात धरून माझ्या चादरी गाडीला बांधून राहिले होते. मोरांच्या, गुलाबांच्या, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या चादरी. पुढचा लाल भाग, बाजूचा लाल भाग, सगळा झाकून टाकला होता. लाल दिसला नाही तर हात वर होणार नाही, हात वर झाला नाही तर पाय जाणार नाही, असा हिशोब. मला हसू आलं, पण मी हसले नाही. अजून राग होता ना.

त्या सकाळी ते ज्या तऱ्हेनं चालवत होते तसं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. चादरी फडफडत असल्यामुळे लोकांना वाटत होतं वरातीची बस आहे, तर उलट जास्तच हात वर होत होते. हे दर वेळी दात आवळायचे, गाडीला एक गचका बसायचा, म्हणजे पाय गेला आणि यांनी तो परत ओढून आणला, आणि मग खिडकीबाहेर हात जोडून माफी मागायचे. सासूबाईंना ते सहन होत नव्हतं. माणसं उभी आहेत बाबू, असं त्या म्हणत राहिल्या. शेवटी हे म्हणाले, आई, गाडी फुल आहे. पाठीमागे मी एकटी आणि ते कोहळं. पण त्यांना तसं म्हटल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं, हे मला दिसत होतं, आणि माझा राग हरद्याच्या आसपास कुठेतरी गळून पडला.

तरी उशीर झालाच. इंदूरच्या बाहेर ट्रकांची रांग लागली होती. महू स्टेशनच्या दारात गाडी उभी केली, मी धावत प्लॅटफॉर्मवर गेले, तर आमच्या रेल्वेचा शेवटचा डबा वळणाआड जाऊन राहिला होता. मोठी काच, आत खिडकीशी बसलेली माणसं, एक लहान पोरगी मला टाटा करत होती. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? साठीची बाई, प्लॅटफॉर्मवर पदर तोंडाला लावून रडत होते. सासूबाई मागून हळूहळू आल्या आणि म्हणाल्या, आता स्मारक पाहून घेऊ, ते कुठे सुटत नाही. त्यांनी समजूत म्हणूनच म्हटलं, पण मी आणखी जोरात रडले.

हे मात्र रेल्वे गेली त्या दिशेला बघत उभे होते. मग त्यांनी चहावाल्याला काहीतरी विचारलं आणि परत आले.

"चाल वं. थे पाताळपान्यावर थांबते. धबधबा दाखवाले."

यापुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी पलंगाच्या दांडीला लटकले होते. घाटाचा बारीक रस्ता, त्यावर आमची चादरी नेसलेली बस. एक मोराची चादर सुटून मागे उडत गेली, ती आणायला थांबा असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. कूलर प्रत्येक वळणावर पाणी सांडत होता. सासूबाई पुढच्या सीटवर डोळे मिटून त्रिशरण म्हणत होत्या. आयुष्यभर उशिरा आलेल्या सवाऱ्यांना शिव्या देणारा हा माणूस, आता दुसऱ्याची गाडी पकडायला निघाला होता.

पाताळपाणी स्टेशनपाशी पोचलो तेव्हा रेल्वे येताना दिसून राहिली होती. ह्यांनी गाडीतून उडी मारली. प्लॅटफॉर्मच्या टोकाशी पळत गेले, आणि उजवा हात पूर्ण वर करून उभे राहिले. त्या म्हातारबुवासारखे, दळणाचा डबा घेतलेल्या बाईसारखे, अगदी तसे. इंजिन त्यांच्यापुढून हळूहळू गेलं आणि थांबलं. हे आमच्याकडे वळून छाती फुगवून म्हणाले, थांबली. ती तिथे दर वेळी थांबतेच, धबधबा दाखवायला, हे त्यांनीच मला मघाशी सांगितलं होतं. पण मास्तरीण असून चूक दुरुस्त केली नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल.

सासूबाईंना दोन भल्या पोरांनी डब्यात वर ओढून घेतलं. आमच्या सीटवर कोणी सामान ठेवलं होतं, ते त्यांनी उचललं. सासूबाई समोरच्या बाकावर एका इंदूरच्या कुटुंबाशेजारी बसल्या आणि श्वास घ्यायच्या आधी हिंदीत त्यांना गाव विचारलं. मी खिडकीशी बसले. आणि हे माझ्या बाजूला बसले. खांद्याला खांदा लागला. मी साडी सारखी केली, केस सारखे केले, आणि कुठे बघावं ते मला कळेना.

गाडी सुटली. बाहेर धबधबा पांढरा शुभ्र खाली कोसळत होता, आणि जिथे कोसळत होता तिथून दरी सुरू झाली. हिरवी, खोल, खाली कुठेतरी पाण्याची रेघ. डब्यातली सगळी माणसं काचेला नाक लावून बसली. ह्यांचं लक्षच नव्हतं. ते समोर बघून राहिले होते, डब्याच्या भिंतीकडे, जिथे काहीच नव्हतं. वळण आलं की त्यांचा पाय माझ्या चपलेवर दाबला जायचा, कारण ब्रेक त्यांच्या मते तिथे होता. बोगद्याआधी हॉर्न नीट वाजला नाही, असं म्हणाले. एकदा इंजिनकडे जाऊन येतो म्हणून उठले, तर मी शर्टाला धरून खाली बसवलं. मला वाटलं, या माणसाला सवारी होता येतच नाही, मी कशासाठी एवढा जीव टाकला?

मग आम्ही एका पुलावर आलो. दोन्ही बाजूंना काही नाही, नुसती दरी. मी सहज ह्यांच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता. दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, आणि बोटं काहीतरी धरायला शोधत होती.

"भेव लागून राहिलं वं," हे माझ्या कानाशी हळूच म्हणाले. "गाडी चालली, अन् माह्या हातात काहीच नाई."

एवढ्या वर्षांत या तोंडून भीती हा शब्द मी ऐकला नव्हता. घाटात ब्रेक फेल झाला होता तेव्हाही घरी येऊन जेवायला काय आहे असंच विचारलं होतं. मी माझा हात त्यांच्या हातात दिला. भर डब्यात, समोर सासू बसलेली असताना. सासूबाईंनी पाहिलं, आणि इंदूरच्या बाईला त्यांच्या बाजूची खिडकी दाखवायला लागल्या.

ह्यांनी माझा हात धरला, पण लोक धरतात तसा नाही. आधी माझी मूठ वळवून घेतली आणि तिच्यावर वरून पंजा ठेवला. पुढचं वळण आलं तसा माझा हात मागे ओढून, बाजूला सारून परत पुढे ढकलला. उतार लागला तसा पुन्हा मागे. ते गिअर टाकत होते. घाम हळूहळू सुकला. बोगदा आला, गेला, आणि उजेडात आल्यावर हे पहिल्यांदा खिडकीकडे वळले. माझ्या खांद्यावरून वाकून खाली बघितलं, कितीतरी वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, अवं, हे तं लय खोल आहे. मी म्हटलं, हो, आहे.

काळाकुंड येईपर्यंत मी दुसऱ्या गिअरमध्ये होते. मनगट चांगलंच दुखायला लागलं होतं. मी हात काढून घेतला नाही.